शरीरक्रियाशास्त्र शिकायचंय? आधी मीठ, पाणी आणि पेशीपटल

शाळा संपल्यावर माझा विज्ञानाशी संबंध तुटला होता. बऱ्याच वर्षांनी रुग्णसेवेच्या अभ्यासक्रमासाठी शरीरक्रियाशास्त्राचं जाडजूड पुस्तक हातात आलं, तेव्हा पहिली दोन प्रकरणं मी सरळ ओलांडली. एक रसायनशास्त्राचं होतं, दुसरं पेशीचं. हृदय, फुप्फुसं, मूत्रपिंडं हेच खरं शरीर, असं मनात पक्कं होतं. हृदयाच्या प्रकरणात तिसऱ्याच पानावर ‘सोडियम आत शिरतं आणि पेशीचं विध्रुवीकरण होतं’ असं वाक्य आलं. पाठ केलं आणि पुढे गेले. मूत्रपिंडाच्या प्रकरणात तेच सोडियम पुन्हा वाट अडवून उभं. चेतापेशीतही तेच. दोन महिने पाठांतरात घालवल्यावर मी मागे फिरले, त्या दोन प्रकरणांना महिनाभर दिला, आणि मग पुढचं पुस्तक वाचता येऊ लागलं.

त्या महिन्यात एक गोष्ट उमगली. पेशीच्या आत एक परिस्थिती, बाहेर दुसरी, असा फरक शरीर जन्मभर सांभाळत असतं, आणि शरीराची बहुतेक कामं त्या फरकाच्या जोरावर चालतात. चेतासंदेश, स्नायूंचं आकुंचन, मूत्र तयार होणं, आतड्यातलं शोषण, सगळीकडे हेच. रसायनशास्त्र शिकायचं ते हा फरक कशाचा आहे हे कळण्यासाठी. पेशीविज्ञान शिकायचं ते तो फरक कोण आणि कसा राखतं हे कळण्यासाठी. खालच्या पायऱ्यांचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे, त्यामुळे तो पाठ्यपुस्तकाशी तंतोतंत जुळणार नाही.

जवळ काय हवं

- एकच पाठ्यपुस्तक, शक्यतो गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या आवृत्तीचं. तीन पुस्तकं उघडून बसलात तर तीन प्रकारच्या संज्ञा आणि तीन प्रकारच्या आकृत्या डोक्यात भांडतात.
- कोऱ्या पानांची वही. रेघांच्या वहीत आकृत्या काढायला हात कचरतो.
- दोन रंगांची पेनं. एक रंग पेशीच्या आतल्या गोष्टींसाठी, दुसरा बाहेरच्या. हा नियम शेवटपर्यंत मोडू नका.
- आवर्तसारणीचा एक कागद.
- लॉगॅरिदम काढता येईल असा कॅल्क्युलेटर.
- काचेचे दोन पेले आणि थोडी शाई.

रोज तासभर दिलात तर तीन-चार आठवडे लागतात. घाई करू नका.

१. आधी शब्दांची घडी बसवा

मराठीतून शिकणाऱ्याची पहिली ठेच इथे लागते. मराठीत अणू म्हणजे मूलद्रव्याचा सर्वांत लहान कण आणि रेणू म्हणजे अणू जोडून झालेला समूह. हिंदीत पहिल्याला ‘परमाणु’ म्हणतात आणि दुसऱ्याला ‘अणु’. मराठी पुस्तक वाचून त्याच विषयाचा हिंदी व्हिडिओ पाहिलात तर पाण्याचा ‘अणु’ ऐकून गोंधळ उडणारच. पेशीचंही तसंच. मराठीत पेशी म्हणजे शरीराचा मूलभूत घटक, हिंदीत ‘पेशी’ म्हणजे स्नायू.

क्षार हा शब्द तर मराठीतल्या मराठीतच घसरतो. रसायनशास्त्रात आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की क्षार तयार होतो. बोलताना मात्र आपण पाण्यातल्या खनिजांना क्षार म्हणतो, आणि काही जण आम्लाच्या विरुद्ध गोष्टीलाही क्षार म्हणतात. वहीत पहिल्याच पानावर लिहून ठेवा: आम्लाच्या विरुद्ध ते आम्लारी, दोन्ही मिळून होतो तो क्षार.

विकर आणि एन्झाइम, तंतुकणिका आणि मायटोकॉन्ड्रिया, परासरण आणि ऑस्मोसिस, संहती आणि कॉन्सन्ट्रेशन अशा जोड्यांसाठी दोन पानं राखून ठेवा. पुढे दोन्ही नावं भेटत राहतात. कुठलं वापरायचं हा वाद सोडून द्या, दोन्ही ओळखता आली की पुरे.

२. मूलद्रव्यं अकराच शिका

आवर्तसारणीत ११८ मूलद्रव्यं आहेत. तुम्हाला सुरुवातीला अकरा लागतील. शरीराच्या वजनात ऑक्सिजन सुमारे ६५ टक्के, कार्बन १८, हायड्रोजन १० आणि नायट्रोजन ३ टक्के, म्हणजे चौघांतच ९६ टक्के संपले. उरलेल्यांत कॅल्शियम, फॉस्फरस, पोटॅशियम, सल्फर, सोडियम, क्लोरीन आणि मॅग्नेशियम. लोह, आयोडीन, जस्त यांचं प्रमाण अगदी थोडं, ती भेटतील तेव्हा शिका.

पहिल्या चौघांबद्दल एकच गोष्ट पाठ करा: हायड्रोजन एक बंध करतो, ऑक्सिजन दोन, नायट्रोजन तीन, कार्बन चार. एवढ्यावर ग्लुकोज किंवा अमिनो आम्लाची आकृती तुम्ही स्वतः तपासू शकता.

इथला सापळा म्हणजे अणू आणि आयन एकच समजणं. सोडियम धातूचा तुकडा पाण्यात टाकला तर पेट घेतो. तुमच्या रक्तातलं सोडियम तसं काही करत नाही, कारण त्याने आपला एक इलेक्ट्रॉन आधीच गमावलेला असतो. अकरा प्रोटॉन, दहा इलेक्ट्रॉन, म्हणून एक धन प्रभार. शरीरक्रियाशास्त्रात नुसतं ‘सोडियम’ म्हटलं की नेहमी हा आयनच समजायचा.

३. पाण्याला दोन दिवस द्या

सत्तर किलो वजनाच्या प्रौढ पुरुषाच्या शरीरात साधारण ४२ लिटर पाणी असतं. त्यातलं २८ लिटर पेशींच्या आत आणि १४ लिटर बाहेर. बाहेरच्या १४ लिटरपैकी रक्तद्रव जेमतेम तीन-साडेतीन लिटर, बाकी पेशींच्या फटींमध्ये. मला आधी वाटायचं की शरीरातलं पाणी म्हणजे मुख्यतः रक्त. हे आकडे एका चौकटीच्या आकृतीत काढा, तेव्हाच खरं प्रमाण डोळ्यांसमोर येतं.

पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून धरतो. त्यामुळे ऑक्सिजनची बाजू किंचित ऋण होते, हायड्रोजनची किंचित धन. या एका असमतोलातून पुढचं सगळं निघतं. पाण्याचे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून ठेवतात. मिठाचे आयन पाण्यात सुटे होतात, कारण पाण्याचे रेणू त्यांच्याभोवती गराडा घालतात. तेलाच्या रेणूवर असा प्रभारच नसल्यामुळे पाणी त्याला जवळ करत नाही, आणि तेलाचे रेणू आपोआप एकत्र गोळा होतात. हे शेवटचं वाक्य नीट मुरू द्या. सहाव्या आणि सातव्या पायरीत त्याचीच गरज आहे.

हायड्रोजन बंध आणि पाण्याच्या रेणूच्या आतला बंध यांत गल्लत करू नका. रेणूच्या आत हायड्रोजन आणि ऑक्सिजन सहसंयुज बंधाने घट्ट जोडलेले असतात. हायड्रोजन बंध दोन वेगळ्या रेणूंमध्ये असतो, बराच कमजोर असतो आणि सतत तुटून पुन्हा जुळतो. पाणी उकळतं तेव्हा हे कमजोर बंध सुटतात, रेणू फुटत नाहीत.

४. आत-बाहेरचा तक्ता काढून भिंतीवर लावा

या लेखातली एकच पायरी करणार असाल तर ही करा. कागदाच्या मध्ये उभी रेघ ओढा. एका बाजूला पेशीच्या आतले आकडे, दुसऱ्या बाजूला बाहेरचे, आपापल्या रंगात. आकडे दर लिटरला मिलिमोलमध्ये (मोल हे कणांची संख्या मोजायचं एकक, मिलिमोल त्याचा हजारावा भाग) आणि ठोकळमानाने आहेत.

- सोडियम: बाहेर १४०, आत १० ते १५
- पोटॅशियम: बाहेर ४, आत १४०
- क्लोराइड: बाहेर १०० ते १०५, आत बरंच कमी
- मुक्त कॅल्शियम: बाहेर १.२, आत सुमारे ०.०००१
- बायकार्बोनेट: बाहेर २४, आत त्याहून कमी

कॅल्शियमचा आकडा पुन्हा वाचा. बाहेर आतल्यापेक्षा दहा हजार पटींहून जास्त आहे. म्हणूनच दार क्षणभर उघडलं आणि थोडंसं कॅल्शियम आत आलं तरी पेशीला तो मोठा निरोप असतो. स्नायू आकुंचन पावतात तो याच निरोपावर.

पोटॅशियमचं एक उदाहरण मला कायमचं लक्षात राहिलं आहे. शरीरातलं सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. रक्ताचा नमुना घेताना किंवा नेताना हिसके बसून तांबड्या पेशी फुटल्या तर त्यांच्यातलं पोटॅशियम द्रवात मिसळतं आणि अहवालात आकडा खोटाच वाढलेला दिसतो. रुग्णाला काही झालेलं नसतं. तक्ता डोळ्यांसमोर असेल तर हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

एककांवरही नजर ठेवा. काही ठिकाणी मिलिमोलऐवजी मिलिइक्विव्हॅलंट लिहितात. सोडियम-पोटॅशियमसाठी दोन्ही आकडे सारखेच येतात, पण कॅल्शियमवर दोन प्रभार असल्यामुळे त्याचा आकडा दुप्पट होतो. ग्लुकोज कुठे मिलिग्रॅममध्ये असतं तर कुठे मिलिमोलमध्ये. डेसिलिटरला ९० मिलिग्रॅम म्हणजे लिटरला ५ मिलिमोल, १८ ने भागायचं.

५. सामू: आकडा उतरतो तेव्हा आम्ल वाढतं

सामू म्हणजे पीएच, द्रावणातल्या हायड्रोजन आयनांचं माप. धमनीतल्या रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात असतो. पट्टा इतका अरुंद का, हे कॅल्क्युलेटर घेतल्याशिवाय समजत नाही. दहाचा उणे ७.४ वा घात काढा. लिटरला सुमारे ४० नॅनोमोल (मोलचा अब्जावा भाग) हायड्रोजन आयन येतील. आता उणे ७.१ काढा, जवळजवळ ८० येतील. म्हणजे सामू ०.३ ने उतरला की हायड्रोजन आयन दुप्पट. वाचताना ‘७.४ चा ७.१ झाला’ हे किरकोळ वाटतं, प्रत्यक्षात ती फार गंभीर अवस्था असते.

दुसरी तुलनाही करून पाहा. रक्तात सोडियम हायड्रोजन आयनांच्या सुमारे ३५ लाख पट आहे. इतक्या थोड्या आयनांची शरीर एवढी काळजी घेतं, कारण ते प्रथिनांना चिकटून त्यांचा प्रभार आणि आकार बदलतात, आणि आकार बदलला की प्रथिनाचं काम बिघडतं.

आता हे एक समीकरण रोज एकदा, न बघता, लिहा:

कार्बन डायऑक्साइड + पाणी ⇌ कार्बोनिक आम्ल ⇌ हायड्रोजन आयन + बायकार्बोनेट

डावं टोक फुप्फुसांच्या हातात आहे आणि ते मिनिटांत हलतं. उजवीकडचं बायकार्बोनेट मूत्रपिंडांच्या हातात आहे, तिथे तास आणि दिवस लागतात. श्वास रोखलात की कार्बन डायऑक्साइड साचतो, समीकरण उजवीकडे ढकललं जातं, हायड्रोजन आयन वाढतात. घाबरून जोरजोरात श्वास घेतलात की उलटं होतं. अशा वेळी बोटांना मुंग्या येतात, कारण सामू चढल्यावर रक्तातलं मुक्त कॅल्शियम प्रथिनांना जास्त प्रमाणात बांधलं जातं.

बफर, म्हणजे वरच्या बायकार्बोनेटसारखं सामू फार हलू न देणारं मिश्रण, आम्ल नाहीसं करतं असं समजू नका. ते हायड्रोजन आयन तात्पुरते धरून ठेवतं. शरीराबाहेर टाकण्याचं काम शेवटी फुप्फुसांना आणि मूत्रपिंडांनाच करावं लागतं.

६. चार मोठ्या रेणूंपैकी प्रथिनांवर थांबा

कर्बोदकं, मेद, प्रथिनं आणि न्यूक्लिइक आम्लं. पुस्तक चौघांनाही सारखी पानं देतं. तुम्ही तसं करू नका. कर्बोदकांत ग्लुकोज आणि ग्लायकोजेन कळलं की पुढे चला. मेदांत फॉस्फोलिपिडची आकृती हातानं काढता आली पाहिजे: पाणी आवडणारं डोकं, पाणी टाळणाऱ्या दोन शेपट्या. उरलेला वेळ प्रथिनांना द्या, कारण शरीरातली दारं, पंप, विकर, दोरखंड, निरोपे ही सगळी कामं बहुतांशी प्रथिनंच करतात.

वीस प्रकारची अमिनो आम्लं माळेसारखी गुंफली जातात आणि माळ स्वतःभोवती दुमडून आकार घेते. वीसही नावं पाठ करण्याची गरज नाही. त्यांचे स्वभाव ओळखा: काहींवर प्रभार आहे, काहींना पाणी आवडतं, काहींना नाही.

सिकलसेल आजारात हे लख्ख दिसतं. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात. सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल असायला हवं, तिथे व्हॅलिन येतं. ग्लुटामिक आम्लावर ऋण प्रभार आहे आणि ते पाण्यात रमतं, व्हॅलिन पाणी टाळतं. ऑक्सिजन सोडून दिल्यावर असे हिमोग्लोबिन रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांचे लांब तंतू होतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. तिसऱ्या पायरीतलं तेलाचं वाक्य इथे भेटलं ना? १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या हिमोग्लोबिनचा विद्युतप्रभार वेगळा असल्याचं दाखवलं. काही वर्षांनी व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो फरक एका अमिनो आम्लापर्यंत नेऊन पोहोचवला.

विकरांबद्दल सुरुवातीला एवढं पुरे: ते क्रियेचा वेग वाढवतात, दिशा ठरवत नाहीत. पाचव्या पायरीतलं समीकरण वेगानं पुढेमागे नेणाऱ्या विकराचं नाव कार्बोनिक ॲनहायड्रेज. त्याचा एक रेणू सेकंदाला दहा लाखांच्या घरात क्रिया घडवू शकतो. तरीही समीकरण कुठल्या बाजूला झुकेल हे दोन्हीकडच्या संहतींवरच ठरतं.

७. पेशीपटल: इथे आठवडा घालवा

फॉस्फोलिपिडचे रेणू पाण्यात सोडले की शेपट्या आत, डोकी बाहेर अशी दुपदरी चादर आपोआप बनते. तिची जाडी सुमारे ७ नॅनोमीटर. चादरीत प्रथिनं बसलेली असतात आणि बरीचशी त्यात सरकतही असतात. हे चित्र १९७२ मध्ये सिंगर आणि निकोल्सन यांनी मांडलं. पुस्तकातल्या आकृतीत पटल थिजलेलं दिसतं, ते मनात प्रवाही करून घ्या. आणि माणसाच्या पेशीला भित्तिका नसते. शाळेतली वनस्पतीपेशीची आकृती डोक्यात राहून गेलेली असते, ती काढून टाका.

ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड, स्टेरॉइड संप्रेरकं चादरीतून थेट पार होतात. आयनांना आणि ग्लुकोजला ते जमत नाही, त्यांना प्रथिनांची दारं लागतात. कुठलाही पदार्थ समोर आला की मी तीन प्रश्न विचारते: जास्त कुठे आहे? वाट आहे का? आणि उलट्या दिशेला न्यायचं असेल तर ऊर्जा कोण देतं?

आता पेले घ्या. एकात थंड पाणी, दुसऱ्यात गरम. दोन्हींत शाईचा एकेक थेंब अलगद सोडा, ढवळू नका. गरम पाण्यात शाई लवकर पसरते, कारण तिथे रेणूंची धावपळ जास्त असते आणि पाण्यातले प्रवाहही मदत करतात. शाईला कुठेही ‘जायचं’ नसतं. प्रत्येक कण वाट फुटेल तिकडे भरकटतो, आणि दाटीच्या जागेकडून विरळ जागेकडे जाणारे कण संख्येनं जास्त भरतात. यालाच विसरण म्हणतात. ऑक्सिजन ‘गरज असेल तिकडे जातो’ असं लिहिण्याचा मोह होतो, तो टाळा. पेशी ऑक्सिजन वापरत राहते म्हणून तिच्या आत तो कमी असतो, एवढंच कारण पुरेसं आहे.

विसरणाची एक मर्यादा फार महत्त्वाची आहे. अंतर दहापट झालं की वेळ शंभरपट लागतो. लहान रेणूला दहा मायक्रोमीटर ओलांडायला सेकंदाचा छोटा अंश लागतो, तर एक सेंटिमीटरला कित्येक तास. रक्ताभिसरण कशासाठी आहे, आणि बहुतेक पेशींच्या अगदी शेजारून केशवाहिनी का जाते, याचं उत्तर या एका गणितात आहे.

परासरणाची व्याख्या दोन पद्धतींनी लिहिलेली सापडते. एकीत पाण्याची संहती धरतात, दुसरीत विरघळलेल्या कणांची. दोन्ही बरोबर आहेत, पण दोन्ही एकदम वापरल्या की दिशा उलटी होते. मी दुसरी धरली: जिकडे विरघळलेले कण जास्त, तिकडे पाणी जातं. तांबडी पेशी शुद्ध पाण्यात टाकली की फुगून फुटते, दाट मिठाच्या पाण्यात आक्रसते, आणि ०.९ टक्के मिठाच्या द्रावणात जशीच्या तशी राहते. या द्रावणात लिटरला ९ ग्रॅम मीठ असतं. सोडियम आणि क्लोराइड सुटे झाले की १५४ अधिक १५४, म्हणजे ३०८ मिलिमोल कण.

परीक्षेत हमखास चुकणारी गोष्ट अशी: तेवढ्याच कणसंख्येचं युरियाचं द्रावण घेतलं तरी तांबडी पेशी फुटते. युरिया पटलातून आत जातो, त्याच्यामागे पाणीही जातं. म्हणून नुसते कण मोजून भागत नाही, दुसरा प्रश्न विचारावाच लागतो.

बराच वेळ पाण्यात राहून बोटांना सुरकुत्या पडतात, ते परासरणाचं उदाहरण म्हणून सर्रास दिलं जातं. ते देऊ नका. बोटाची चेता तुटलेली असेल तर अशा सुरकुत्या पडत नाहीत. चेतांच्या आज्ञेवरून तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्याचा तो परिणाम आहे.

राहिला पंप. येन्स स्कू यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या पायातल्या चेतांवर काम करताना सोडियम-पोटॅशियम पंपाचं विकर ओळखलं. १९९७ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. एका एटीपीच्या, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूच्या, बदल्यात हा पंप तीन सोडियम बाहेर काढतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. चौथ्या पायरीतला तक्ता टिकून आहे तो याच्या जिवावर.

पोटॅशियम आपल्या वाटांमधून थोडंथोडं बाहेर झिरपतं आणि जाताना धन प्रभार घेऊन जातं, म्हणून पेशीची आतली बाजू ऋण होते. चेतापेशीत हा फरक सुमारे उणे ७० मिलिव्होल्ट. आकडा लहान वाटतो, पण तो ७ नॅनोमीटरच्या चादरीवर आहे. भागाकार केलात तर दर मीटरला एक कोटी व्होल्ट येतात. मला हा भागाकार पहिल्यांदा जमला त्या दिवशी पुस्तक मिटून बराच वेळ नुसतीच बसले होते.

मात्र हा फरक निर्माण व्हायला फारच थोडे आयन पटल ओलांडतात. चेतासंदेश जाताना बाहेरचं सगळं सोडियम आत येतं आणि तक्ता उलटा होतो, अशी समजूत मी कितीतरी दिवस बाळगली होती. एका संदेशानं तक्त्यातले आकडे जवळपास हलतही नाहीत.

८. अंगकं: यादी नको, वाट शिका

केंद्रक, रायबोसोम, आंतर्द्रव्यजालिका, गॉल्जी पिंड, लयकारिका अशी यादी आणि प्रत्येकासमोर एकेक ओळ, असं पाठ केलं तर आठवड्यात विसरतं. त्याऐवजी एका प्रथिनाचा प्रवास काढा. केंद्रकात डीएनएवरून आरएनएची प्रत निघते. रायबोसोमवर प्रत वाचून माळ गुंफली जाते. पटलात बसणारं किंवा बाहेर जाणारं प्रथिन आंतर्द्रव्यजालिकेत दुमडलं आणि तपासलं जातं, गॉल्जी पिंडात त्यावर शेवटचा हात फिरतो, आणि पिटिकेत, म्हणजे पटलाच्याच इवल्या पिशवीत, बसून ते पटलाकडे निघतं. माणसात प्रथिनांचे आराखडे असलेली सुमारे २०,००० जनुकं आहेत. जवळजवळ प्रत्येक पेशीत ती सगळी असतात, पण सगळी वाचली जात नाहीत. स्नायूपेशी आणि चेतापेशी वेगळ्या होतात त्या वाचनातल्या फरकामुळे.

९. एटीपी: पुन्हा पटलच

ग्लायकोलिसिसच्या दहा पायऱ्या आणि क्रेब चक्राची आठ नावं पहिल्या फेरीत सोडून द्या. ग्लुकोजमधली ऊर्जा टप्प्याटप्प्यानं काढली जाते, तंतुकणिका या पेशीतल्या अंगकाच्या आतल्या पटलापलीकडे हायड्रोजन आयन ढकलले जातात, आणि ते परत येताना एटीपी तयार होतो, एवढं पक्कं करा. पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये ही कल्पना मांडली, १९७८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. इथेही फरक आहे आणि तो पटलाच्याच दोन बाजूंचा आहे.

जुन्या पुस्तकांत एका ग्लुकोजमागे ३६ किंवा ३८ एटीपी लिहिलेले असतात. आता ३० ते ३२ हा आकडा धरतात. पुस्तकाची आवृत्ती पाहून घ्या म्हटलं ते यासाठी.

एटीपी साठवून ठेवता येत नाही. कुठल्याही क्षणी शरीरात तो फार थोडा असतो आणि सतत वापरून पुन्हा भरला जातो. रक्तपुरवठा थांबला की काय होतं, हे आता तुम्ही स्वतः लिहून काढू शकता: ऑक्सिजन नाही, एटीपी नाही, पंप थांबतो, सोडियम आत साचतं, त्याच्यामागे पाणी येतं, पेशी फुगते. पान मिटून हा क्रम कारणांसह लिहिता आला तर पुढे चला. नाही आला तर सातव्या पायरीवर परत जा, त्यात कमीपणा नाही.

१०. शेवटची तपासणी

सिस्टिक फायब्रोसिस हा आजार घ्या. त्याचं जनुक १९८९ मध्ये सापडलं. त्यावरून बनणारं प्रथिन १,४८० अमिनो आम्लांचं आहे आणि पटलात क्लोराइडचं दार म्हणून काम करतं. सर्वाधिक आढळणाऱ्या बदलात ५०८ व्या जागचं एक अमिनो आम्ल, फिनाइलअलॅनिन, गायब असतं. प्रथिन नीट दुमडत नाही, आंतर्द्रव्यजालिकेतल्या तपासणीत अडकतं आणि बहुतेक सगळं पटलापर्यंत पोहोचण्याआधीच नष्ट केलं जातं. श्वासमार्गात क्लोराइड बाहेर यायचं थांबतं, पाणीही मागे राहतं, आणि तिथला चिकट स्राव घट्ट होतो.

हे सगळं दोन रंगांत, एका पानावर, बाणांसह काढा. जनुकापासून सुरुवात, घट्ट स्रावापाशी शेवट. प्रत्येक बाणावर कारण लिहा. जिथे बाण काढता येतो पण कारण सुचत नाही, तिथे त्या पायरीचा क्रमांक टाका आणि तेवढंच पुन्हा वाचा.

मग त्याच पानाच्या मागच्या बाजूला हा प्रश्न सोडवा. या आजारात घाम नेहमीपेक्षा खारट असतो, आणि निदानासाठी घामातलं क्लोराइडच मोजतात. श्वासमार्गात क्लोराइड बाहेर येत नाही, मग घामात ते जास्त कसं? घाम ग्रंथीच्या तळाशी तयार होतो तेव्हा खारटच असतो. त्वचेपर्यंतच्या नळीतून वर चढताना पेशी त्यातलं मीठ परत आत घेतात, आणि तिथेही हेच दार वापरलं जातं. आता जास्त कुठे, वाट कुठली आणि ऊर्जा कुणाची, हे तिन्ही प्रश्न नळीच्या पेशीला लावून पाहा. उत्तर जमलं की चेतापेशीचं प्रकरण उघडा, भिंतीवरचा तक्ता काढून त्या पानात ठेवा, आणि पहिली रेघ आत शिरणाऱ्या सोडियमची ओढा.